धोका कोणापासून

पुष्पाबाईचं वर्षश्राद्ध आटोपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिची तिन्ही लेकरं बैठकीत बसली आणि तिघांचं एकमत झालं. कापगते घराण्यात ही गोष्ट नवीन होती. आई आजारी असताना तिला कुठल्या दवाखान्यात न्यायचं यावर तिघांची तीन मतं होती. ती गेल्यावर अस्थी कुठे न्यायच्या यावर तिघांची मिळून चार झाली. पण बाबांना रिव्हॉल्व्हर घेऊन द्यायचं, आणि घ्यायचं तर चांगल्यातलं चांगलं, यावर कोणाचंच दुमत नव्हतं.

यादोराव खुर्चीत बसून होते. त्यांना अजून कोणी काही विचारलं नव्हतं, पण खुर्ची मात्र मधोमध मांडली होती.

"पैशाकडे पाहायचं नाही," वीरेंद्र म्हणाला. तो थोरला. अर्जुनीला त्याची राइस मिल होती आणि येत्या पंचायत समितीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं. "एकदाच घेणं आहे. बाबाच्या जिवापेक्षा पैसा मोठा आहे काय?"

"सवालच नाही," धाकटा इंद्रकुमार म्हणाला. तो बिरसीच्या विमानतळावर ऑफिसात होता आणि गोंदियात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होता. बाबांना तिकडे न्यायचा विषय निघाला की त्या फ्लॅटच्या भिंती आणखी जवळ येत.

"माझाबी हिस्सा टाका," मधली पुष्पांजली म्हणाली. ती साकोलीला दिली होती. बापानं लेकीच्या घरी राहायचं नसतं ही रीत ती फार मानायची. बाकी रीती तिनं लग्नानंतर एकेक करून सोडल्या होत्या.

सगळं सुरू झालं ते बिबट्यापासून. कार्तिकात तो तलावाच्या पाळीवरून खाली उतरला आणि गुलाब रामटेकेची शेळी घेऊन गेला. त्याच महिन्यात यादोरावांच्या शेतावरची मोटार चोरीला गेली. घर गावाच्या टोकाला, तलावाला लागून. पुष्पाबाई होती तोवर त्या घरात दोघं राहतात असं गाव म्हणायचं. आता गाव विचारू लागलं, पाटलाले तीन लेकरं, मंग पाटील एकटा काऊन? या प्रश्नाचं उत्तर देणं तिघांनाही जड होतं. रिव्हॉल्व्हरचं तसं नव्हतं. ते दाखवता येत होतं.

वीरेंद्रनं मोबाइल टीव्हीला जोडला. नागपूरच्या दुकानदारानं फोटो पाठवले होते. भिंतीएवढ्या पडद्यावर पहिलं रिव्हॉल्व्हर आलं, आणि बैठकीत मुलगी पाहायला आल्यासारखी शांतता पसरली.

"आता हे दुसरं, कानपूरचं. नवीन."

"काळं आहे," पुष्पांजली म्हणाली.

"काळंच राहते."

"मागचं पांढरं होतं ना? चमकत होतं ते?"

"ते स्टीलचं. वजनदार आहे," इंद्रकुमार म्हणाला. "बाबाचा हात कापते. हलकं पाहा कोणतं."

यादोरावांनी आपला हात मांडीखाली घेतला.

"अन् हे," वीरेंद्र म्हणाला आणि थांबला. पडद्यावर एक जुनं, लाकडी मुठीचं रिव्हॉल्व्हर आलं. "हे विलायती. आता बाहेरून आणायले बंदी आहे, म्हणून जे जुने आहेत तेच फिरतात. छत्तीसगढच्या एका राजघराण्यातलं आहे. दुकानदार म्हणते, ऐसी चीज दुबारा नहीं मिलेगी."

"घरानं चांगलं आहे म्हना," दारातून प्रेमिला म्हणाली. ती वीरेंद्रची बायको. हातात चहाचा ट्रे होता. "पयलं लग्न काऊन मोडलं ते विचारलं काय?"

पुष्पांजली हसली. वीरेंद्र हसला नाही.

"मजाक नको करू. बाबा, तुम्ही सांगा. कोणतं पसंत आहे?"

यादोरावांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. डाव्यात तो येत होता. पडद्यावर त्यांना एक काळसर वस्तू दिसत होती, नांगराच्या फाळासारखी.

"चांगलं आहे," ते म्हणाले.

"कोणतं?"

"सगळेच चांगले आहेत."

"बाबाचा डोळा दाखवायचा होता ना?" पुष्पांजलीनं विचारलं. "इंद्रकुमार, तू नेनार होता."

"नेतो ना ताई. मार्चमध्ये ऑडिट आहे. ते झालं की."

"मागच्या मार्चमध्येबी ऑडिट होतं."

"ऑडिट दरसाल राहते," इंद्रकुमार म्हणाला, आणि विषय पुन्हा मुठीवर आला. शिसवाची की हस्तिदंती, यावर बराच वेळ गेला. पुष्पांजलीचं म्हणणं पडलं की चामड्याची म्यान तपकिरी घ्यावी, काळ्यावर धूळ दिसते.

यादोराव ऐकत होते. त्यांच्या वडिलांकडे बारा बोअरची बंदूक होती, धानात रानडुकरं शिरत म्हणून मिळालेल्या परवान्याची. वडील गेल्यावर परवाना कोणाच्या नावानं करायचा यावर दोघा भावांचं जमलं नाही. बंदूक ठाण्यात जमा झाली ती तिथेच राहिली. भाऊही गेला. बंदूक अजून आहे म्हणतात. त्यांना वाटलं, हे सांगावं. मग वाटलं, यांना ठाऊकच आहे, म्हणून तर हे लोक आधी परवाना बापाच्या नावानं काढून राहिले.

"पन ठेवनार कुठी?" प्रेमिलानं विचारलं. "आत्याबाईच्या आलमारीत मी ठेवू देनार नाही. त्यात त्यांचे लुगडे आहेत."

"माझ्याकडे राहील," वीरेंद्र म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे आणणं-नेणं, साफसफाई, लायसनचं रिन्युअल. बाबाले कायले तकलीफ?"

"म्हनजे मामाजीच्या नावानं अन् तुमच्या कमरेले," प्रेमिला म्हणाली आणि कप गोळा करू लागली. "सीधा सांगा ना मंग. प्रचाराले पायजे."

"दादा, हे बरोबर नाही," इंद्रकुमार म्हणाला. "बाबा इथं राहतील अन् रिव्हॉल्व्हर अर्जुनीत?"

"तर बाबाले तू ने गोंदियाले. मी रिव्हॉल्व्हर इथं आणून ठेवतो."

इंद्रकुमार लगेच वळला. "नाही, तुझ्याकडेच ठीक आहे. रात्रीबेरात्री फोन केला की तू अर्ध्या घंट्यात येशील."

अशा रीतीनं हाही प्रश्न सुटला. बिबट्यानं तेवढा अर्धा घंटा थांबायचं होतं.

"आता मेन गोष्ट," वीरेंद्र म्हणाला. "अकरा वाजता ठाण्यातला बीट जमादार येणार आहे, बयान घ्यायले. तो विचारेल, रिव्हॉल्व्हर काऊन पायजे? बाबा, बोला."

"वीरेंद्रनं सांगतलं म्हनून."

"नाही, नाही. असं म्हणायचं, जिवाले धोका आहे. मग तो विचारेल, कोणापासून? तिथं नाव लागते. बिना नावाचं लायसन होत नाही."

"बिबट्या म्हन," पुष्पांजली म्हणाली.

"बिबट्यासाठी फॉरेस्टवाले आहेत. माणूस लागते. मी ठाण्यात जाऊन तोंडी सांगून आलो आहे. गुलाब रामटेके."

प्रेमिलाच्या हातातला कप बशीवर वाजला.

"गुलाब?" यादोराव म्हणाले.

"त्याचं रेकॉर्ड आहे ना. दुष्काळाच्या साली तलावाचं तुडूम त्यानं रात्रीचं खोललं होतं, आपलं पाणी खालच्या बांध्यांत नेलं होतं. रिपोर्ट तुम्हीच दिला होता बाबा. एक रात्र आत होता. ठाण्यात जुनं नाव निघालं की काम फटाफट होते."

हे खरं होतं. तुडूम, म्हणजे पाळीच्या पोटातलं पाणी सोडायचं दार, कापगत्यांच्या पणज्यानं बांधलं होतं आणि त्याची चावी घरात राहायची. खालची शेतं रामटेक्यांची आणि त्यांच्या भाऊबंदांची. त्या साली धान लोंबीवर येऊन वाळत होतं. यादोरावांनी रिपोर्ट दिला, आणि तिसऱ्या दिवशी पुष्पाबाईनं त्यांना हाताला धरून ठाण्यात नेलं आणि तो मागे घ्यायला लावला. तिनं घरी आल्यावर एवढंच म्हटलं होतं, पानी कोनाच्या बापाचं नाही. तुमच्याबी.

आणि आता पुष्पाबाई गेल्यापासून रोज संध्याकाळी गुलाब येत होता. यादोरावांना एका माणसाचा भात मांडता येत नव्हता. हात आपोआप दोघांचे तांदूळ काढायचा. पहिल्या आठवड्यात गुलाब सहज डोकावला, तेव्हा ते म्हणाले, बस, जेवून घे, वाया जाते. तेव्हापासून तो जेवत होता. गुलाबला आपण एक वेळ जेवू घालतो, याचं त्यांना थोडं बरंही वाटत होतं.

"गुलाब येते ना इथं," ते म्हणाले.

"तेच तर! रोज येते, म्हणजे पाळत ठेवते असं म्हणता येते," इंद्रकुमार म्हणाला. मग त्यालाच ते वाक्य बरं वाटलं नसावं. तो मोबाइल पाहू लागला.

"कागदापुरतं आहे बाबा," वीरेंद्र म्हणाला. "त्याले मालूमबी नाही पडणार."

तेवढ्यात अंगणातून हाक आली. "पाटील, ताडपत्री घेऊन जाऊ काय?"

गुलाब होता. कालच्या पंगतीसाठी मांडव कमी पडला तेव्हा त्यानं स्वतःची ताडपत्री आणून बांधली होती. दिवसभर पाणीही त्यानंच वाढलं, आणि जेवला तो शेवटच्या पंगतीत, अंगणात. तो यादोरावांपेक्षा चार वर्षांनी मोठा होता. यादोराव त्याला अरे म्हणत आणि तो त्यांना पाटील.

"या ना काका," वीरेंद्र म्हणाला.

गुलाब पायरीपाशी आला आणि त्याच्या मागोमाग फाटकात मोटारसायकल थांबली. जमादार वेळेच्या आधी आला होता. सरकारी माणूस लवकर येईल, हे वीरेंद्रनं धरलंच नव्हतं.

जमादारानं टोपी काढून घाम पुसला, सगळ्यांना नमस्कार केला, आणि पायरीवर उभ्या माणसाकडे पाहिलं.

"तुम्ही कोण?"

"गुलाब रामटेके."

"अच्छा, तुम्हीच का ते! बरं झालं, एक चक्कर वाचली. तुमचंही बयान घ्यायचं आहे. यांच्या जिवाला तुमच्यापासून धोका आहे."

"कोनाच्या?"

"पाटलांच्या."

गुलाब हसला. मोठ्यानं हसला, आणि यादोरावांकडे वळला, त्यांनीही हसावं म्हणून. यादोराव हसले नाहीत. मग त्यानं वीरेंद्रकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. तिथं राजघराण्यातलं रिव्हॉल्व्हर तसंच लागलं होतं.

"हे माझ्यासाठी आहे काय?" त्यानं विचारलं.

"काका, बसा ना. फक्त कागदापुरतं आहे. बाद में मी क्लिअर करून देतो."

"आमचा राजदीप पोलीस भरतीत निघाला," गुलाब म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मैदान झालं, पेपर झाला. आता घराची चौकशी येनार आहे. हेच जमादारसाहेब येतील. बाप कसा आहे, विचारतील. तू लिहून ठेवलं वीरेंद्र, बाप कसा आहे ते."

गुलाब पायरीवरून एक पाऊल मागे सरला.

"आमचं नाव लिहायले तुमाले कोनाले पुसा लागत नाही. तवाबी कागदापुरतंच होतं. रात्र मात्र मी काढली."

जमादाराला आता आपण कशात पडलो ते समजलं. त्यानं लिहायचं पॅड मांडीवर घेतलं आणि घसा खाकरला. "पाटील, मी विचारतो, तुम्ही सांगा. तुमच्या जिवाला धोका आहे काय?"

"बाबा," वीरेंद्र हळूच म्हणाला.

यादोरावांनी मांडीखालचा हात काढला. तो कापत होता. त्यांनी तो कापू दिला.

"लिहा जमादारसाहेब. चोर आला तर मले दिसनार नाही, डोळा गेला. बिबट्या आला तर हात असा. अन् गुलाब आला तर मी ताट घेतो. ह्याच्यात रिव्हॉल्व्हर कुठी बसते ते तुमीच सांगा."

"म्हणजे धोका नाही?"

"नाही. अन् आनखी लिहा. गुलाबचं नाव ठाण्यात सांगतलं, ते खोटं आहे."

जमादाराचं पेन थांबलं. "ते वीरेंद्रभाऊंनी सांगितलं होतं."

"हो."

"मग मुलानं खोटं सांगितलं, असं लिहू? पाहा पाटील, ते इलेक्शनला उभे राहणार आहेत. गैरसमजातून सांगितलं, असं लिहितो."

यादोरावांनी वीरेंद्रकडे पाहिलं. एका डोळ्यानं तो धूसर दिसत होता आणि धूसर दिसला की तो हुबेहूब त्यांच्या वडिलांसारखा दिसायचा. हे एक वाक्य लिहून दिलं की त्याच्या विरोधातला माणूस ते गावोगाव वाचून दाखवणार, हे त्यांना कळत होतं. आणि नाही दिलं तर संध्याकाळी कोण येणार आणि कोण नाही, तेही.

"गैरसमज गुलाबबद्दल ह्या घरात कोनाले नाही," ते म्हणाले. "खोटं लिहा."

"बाबा, तुम्ही मले बुडवून राहिले!"

"पैशाकडे पाहायचं नव्हतं ना तुले? मंग इलेक्शनकडंबी पाहू नको."

त्यांनी सही केली. कापऱ्या हातानं ती ओळीच्या बाहेर गेली. जमादारानं कागद घडी करून खिशात ठेवला, चहा नको म्हणाला आणि कधी नव्हे ते फाटक लावून गेला.

गुलाबनं अंगणातली ताडपत्री सोडली, झटकली, घडी घातली. यादोराव पायरीपर्यंत आले.

"संध्याकाळी ये," ते म्हणाले.

"नाही येत पाटील."

"काऊन? लिहून तर देलं."

"देलं. चांगलं केलं. पोराचं भलं झालं." त्यानं ताडपत्री खांद्यावर टाकली. "सालभर मी तुमच्या घरी जेवलो. तुमी माझ्या घरचं पानी नाही पेले कधी. भूक लागली तर तुमी या. घर मालूम आहे ना?"

घर मालूम होतं. यादोराव त्या घराच्या कुंपणापर्यंत कितीदा तरी गेले होते, मतं मागायला, मजूर बोलवायला, राजदीपच्या बारशाचा नारळ द्यायला. कुंपणाच्या आत काय आहे, ते त्यांना सांगता आलं नसतं.

मागे बैठकीत एकमत मोडलं होतं.

"दादा, आता तूच ने बाबाले."

"मी? आता कोणतं तोंड घेऊन फिरू मी, ते सांग पहिले. तू ने. विमानतळावर तुले कोण इलेक्शन लढवायले सांगते?"

"माझ्या घरी जागा कुठी आहे?"

"पुष्पांजली, तू तर बोलूनच नाही राहिली."

"मी काय बोलू? मी तर लेक आहे."

"लेकीनं रिव्हॉल्व्हरची म्यान पसंत केली तर चालते," प्रेमिला म्हणाली. मग ती दारात आली. तिचा आवाज बदलला होता. "मामाजी, ताट वाढू काय?"

"नको. मी गुलाबकडे जेवतो."

आतले तिघंही गप्प झाले. या घरात आज दुसऱ्यांदा एकमत झालं होतं.

"बाबा," पुष्पांजली म्हणाली, "कालच आईचं श्राद्ध झालं. लोक काय म्हणतील?"

"तेच, जे तुमी नव्हते तवा म्हनत होते," यादोराव म्हणाले आणि चपला शोधू लागले. एक दिसत नव्हती. प्रेमिलानं पायानंच ती पुढे सरकवली.

पाळीखालच्या पायवाटेनं ते सावकाश गेले. भर दुपारी पाटील खालच्या टोलीत, रामटेक्यांच्या वस्तीत, चालले आहेत म्हटल्यावर दोन-तीन दारांत माणसं आली. गुलाबच्या कुंपणाशी ते सवयीनं थांबले. मग त्यांना आठवलं की इथं थांबायचं नाही.

गुलाबची बायको रुक्माबाई चुलीपाशी होती. तिनं डोक्यावर पदर घेतला नाही, उठलीही नाही.

"आले काय? बसा. पन पयले सांगा जी, आमच्यापासून तुमाले धोका आहे म्हने. मंग ताटात काय काय टाकू?"

"जे घरात सगळ्यायले टाकता ते," यादोराव म्हणाले आणि खाली बसायला लागले. गुडघा वाकेना. गुलाबनं उठून त्यांना दंडाला धरून बसवलं.

ताटात भात होता, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी. यादोरावांनी पहिला घास घेतला आणि थांबले. भात मऊ होता. दाणा न् दाणा शिजलेला.

"काय झालं?" रुक्माबाईनं विचारलं. "तुमच्यासारखा कच्चा नाही राहिला म्हनून?"

"कच्चा?"

"सांगू नको," गुलाब म्हणाला.

"सांगतो. सालभर हा मानूस तुमच्याकडून जेवून यायचा अन् इथं येऊन पुन्हा जेवायचा. मी म्हनो, ह्याचं पोट आहे का कोठार? हा बाकी मानसायले सांगत होता, काल पंगतीत त्यांच्या बायका बोलल्या तवा मले समजलं. पाटलाचा भात पोटात टोचते म्हने, पन पाटील एकटा जेवत नाही."

यादोरावांनी गुलाबकडे पाहिलं. म्हणजे वर्षभर जेवू कोण कोणाला घालत होतं, हा हिशेब उलटाच निघाला.

"काऊन रे, एक डाव तरी सांगायचं होतं."

"कसं सांगतो?" गुलाब म्हणाला. "जिवाले धोका मले होता. मी रिपोर्ट देला काय?"

रुक्माबाई पहिल्यांदा हसली. यादोरावांना हसताना ठसका लागला. गुलाबनं पाण्याचा गिलास पुढे केला आणि त्यांनी तो एका दमात रिकामा केला.

बाहेर गाडी थांबली. वीरेंद्रची होती. हॉर्न वाजला, थोडा वेळ थांबला, पुन्हा वाजला. कुंपणाच्या आत यायला कोणी उतरलं नाही.

"पोरं बोलावतात जी," रुक्माबाई म्हणाली.

"ऐकू आलं," यादोराव म्हणाले. "डाळ आहे काय आनखी?"